वाट्याला तीन फोटो

शिरूर कासारच्या दूध सोसायटीत भिवराबाई यायची ती सगळ्यांच्या शेवटी. तिची एकच गाय, आणि ती बांधलेली सोसायटीनं चालवलेल्या जनावरांच्या छावणीत, गावापासून अर्ध्या कोसावर. भल्या सकाळी उठून गायीपुढं उसाचं वाढं टाकायचं, धार काढायची, आणि जे काही लिटर-दीड लिटर निघेल ते किटलीत घेऊन पायी गावात यायचं. तोवर कॅन भरून गाडी निघायच्या बेतात असायची. सेक्रेटरी शहादेव मग ड्रायव्हरला काहीतरी बोलण्यात गुंतवायचा आणि हिचं दूध मापून घ्यायचा.

सत्त्याऐंशी सालचा उन्हाळा होता. पावसानं सलग तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. भिवराबाई आणि तिचा नवरा उत्तरेश्वर ऊसतोडीवरून दरवर्षीपेक्षा महिनाभर आधीच परतले होते, कारण कारखान्याला गाळायला ऊसच उरला नव्हता.

एका रविवारी ती आली तेव्हा मागच्या खोलीत वादावादी चालली होती. शहादेव, शाळेतले चित्रकलेचे मोहनराव मास्तर आणि शिंपी आसाराम टेबलावर फोटो मांडून बसले होते. या तिघांना फोटोचं वेड होतं. कॅमेरा एकच, साधा डब्यासारखा. एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे आणि रोल तर एकट्याला परवडत नसे. म्हणून चौघांनी मिळून रोल घ्यायचा आणि प्रत्येकानं तीन फोटो काढायचे, अशी त्यांनी वाटणी केली होती. गावात त्याला चेष्टेनं 'रोलची सोसायटी' म्हणत. चौथे भागीदार पोस्टमास्तर होते, त्यांची बदली झाली तेव्हापासून एक वाटा रिकामाच होता. रोल संपला की शहादेव खिडकीला घोंगडी लावून याच खोलीत तो धुवायचा, मोहनराव आपल्या जुन्या एन्लार्जरवर फोटो मोठे करायचे, आणि रविवारी सगळे बसून एकमेकांच्या फोटोंची चिरफाड करायचे.

किटली परत मिळेपर्यंत भिवराबाई दारात थांबली होती. टेबलावरचा एक फोटो तिला ओळखीचा वाटला.

"आगं बया, ही तर माझी गाय!"

"मी काढलाय," मोहनराव जरा अभिमानानंच म्हणाले. "कशी आलीय?"

भिवराबाईनं फोटो उचलून उजेडात धरला. "राग येऊ देऊ नका मास्तर, पन भर दुपारी काढला जनू. पोटाखाली समदं काळंच दिसतंय. गाय गाभण हाय का भाकड, काय बी कळंना. सकाळी उन्हं तिरपी आस्त्यात, तवा काढायचा. मंग बरगड्या दिसत्या, आन् ह्या साली तर बरगड्याच दाखवायच्या हायती ना?"

आसाराम खो खो हसला. मोहनरावांचा चेहरा उतरला. "बाई, फोटो काढणं म्हणजे धार काढणं नव्हे."

"धार काढायलाबी हात बसावा लागतो, मास्तर."

शहादेव मात्र हसला नाही. तो फोटोकडंच बघत होता. "ती म्हनती ते खरं हाय," तो म्हणाला. "पर आता दुसरा काढून तरी काय उपयोग? हा एक कसाबसा धुतला, बाकी पाच रोल तसेच पडून हायेत."

"कावून?"

"पानी कुठाय धुवायला? टँकर येतो चार दिवसाला."

मग मोहनरावांनी तिला समजावून सांगितलं. फोटोच्या कागदाला शेवटी हायपो नावाचं औषध लावतात. ते औषध नंतर कागदातून पार निघून जावं लागतं. थोडंसं जरी राहिलं तरी फोटो पिवळा पडतो. त्यासाठी कागद वाहत्या पाण्यात तासभर ठेवावा, असं पुस्तकात लिहिलं आहे.

"वाहतं पानी?" भिवराबाईनं डोळे मोठे केले. "पुस्तक लिवनारा गोदावरीच्या काठाला ऱ्हात आसंल." आणि मग थोडं थांबून तिनं विचारलं, "म्हंजी दुधाच्या किटलीसारखंच की वो. दुधाचा अंश ऱ्हायला की दुसऱ्या दिवशीचं दूध नासतंय. मी किटली कशी धुती ठावं हाय? पाच गाडग्यांत थोडं थोडं पानी. पैल्यात खळबळली, दुसऱ्यात खळबळली, शेवटचं पाचवं. दुसऱ्या दिवशी पैल्याचं घाण पानी फेकायचं, दुसऱ्याचं पैलं करायचं, तिसऱ्याचं दुसरं. नवं पानी फकस्त शेवटच्या गाडग्यात. तांब्याभर लागतंय रोज."

मोहनरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"असं कुठं होतं का?" ते म्हणाले, पण आवाजात मघाचा ठसका नव्हता.

"करून बघू की," शहादेव म्हणाला.

त्या दुपारी त्यांनी घोंगडी लावून दोन फोटो छापले. भिवराबाई छावणीत परत न जाता तिथंच बसली. पाच पसरट ताटल्या मांडल्या, प्रत्येकीत तांब्याभर पाणी. तिनं कागद पहिल्या ताटलीत सोडला, बोटांनी हलवत राहिली, बाहेर काढून कोपऱ्याला धरून निथळला आणि मगच दुसऱ्या ताटलीत टाकला. घाई अजिबात केली नाही. निथळल्याशिवाय पुढं न्यायचा नाही, नाहीतर इकडची घाण तिकडं जाते, हे तिनं आसारामला दोनदा बजावलं. दुसरा फोटोही त्याच पाण्यातून गेला, फक्त शेवटी एक तांब्या ताजा.

आता परीक्षा. विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाचा एक खडा शहादेवनं पाण्यात विरघळवला. कागदात हायपो उरलेला असेल तर निथळत्या पाण्यात टाकलेल्या या थेंबाचा जांभळा रंग उडतो, हे मोहनरावांना पुस्तकावरून ठाऊक होतं. त्यांनी भिवराबाईनं धुतलेल्या फोटोचं पाणी काचेच्या वाटीत निथळलं आणि वर थेंब सोडला. चौघंही वाटीवर वाकले. आसाराम मनातल्या मनात आकडे मोजू लागला. शंभर झाले. रंग जांभळा तो जांभळाच.

"मास्तर, रंग गेला न्हाई!" आसाराम ओरडला.

मोहनराव उठून उभे राहिले. माणूस तापट होता, पण खोटा नव्हता. "भिवराबाई," ते म्हणाले, "आमच्याकडं एक वाटा रिकामा आहे. तीन फोटो. घेणार का?"

भिवराबाईनं जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता. तिनं पदरानं हात पुसले. "द्या की," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कॅमेरा तिच्या खुंटीला लटकला. उत्तरेश्वरनं विचारलं, "हे काय आनलंस?" ती म्हणाली, "सोसायटीचं हाय, हात लावू नका." तीनच फोटो मिळणार म्हटल्यावर तिची झोप उडाली. पहिला तिनं गायीचा काढला. अगदी तोंडाजवळ जाऊन काढला, आणि दहा फुटांच्या आत हा कॅमेरा धूसर काढतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या वेळी ती लांब गेली, पण बटण दाबताना हात हलला. हे दोन्ही वाया गेल्याचं तेव्हा तिला कळलं नाही. तिसरा मात्र तिनं पाच दिवस राखून ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी छावणीत तिला चंद्रभागाबाई दिसली. सत्तरीच्या पुढची म्हातारी, तिची एक म्हैस होती. छपराचं पाचट वाऱ्यानं उडून गेलं होतं आणि म्हशीच्या अंगावर ऊन आलं होतं. म्हातारीनं पोतं दोन्ही हातांनी वर धरून म्हशीच्या डोक्यावर सावली केली होती आणि स्वतः उन्हात उभी होती. उन्हं तिरपी होती. म्हातारीची आणि म्हशीची सावली जमिनीवर एक झाली होती, लांबच लांब. भिवराबाई दहा पावलं मागं सरली, कुडाच्या खांबाला पाठ लावली, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

रविवारी तो फोटो मोठा करून, पाच ताटल्यांत धुवून टेबलावर ठेवला तेव्हा आसाराम म्हणाला, "म्हातारीचं डोकं कापलंय की."

खरंच, पोत्यामुळं चंद्रभागाबाईचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते वर गेलेले दोन सुकलेले हात आणि म्हशीचा शांत डोळा. मोहनरावांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, उलटा करून बघितला. मग म्हणाले, "आसाराम, तू गप बस. हा बीडला जाणार."

बीडला हौशी फोटोवाल्यांनी एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं होतं. जिल्ह्यातून पन्नासएक जण आपापले फोटो घेऊन आले होते. गेवराईचे होते, अंबाजोगाईचे होते, कुणाच्या गळ्यात परदेशी कॅमेरे होते. कोणी लेन्सविषयी बोलत होतं, कोणी कुठला कागद चांगला यावर हुज्जत घालत होतं. बायका तिथं दोनच होत्या, एक चहा देणारी आणि दुसरी भिवराबाई. ती शहादेवच्या मागं भिंतीला टेकून उभी होती आणि एकेक फोटो बघत होती. काही फोटो तिला फार आवडले. काहींतलं दुपारचं ऊन बघून तिनं नाक मुरडलं.

परीक्षक विठ्ठलराव औरंगाबादहून आले होते. म्हाताऱ्या चंद्रभागाबाईच्या फोटोपुढं ते थबकले. "हा कुणाचा?"

"माझा," भिवराबाई पुढं आली.

विठ्ठलरावांनी तिच्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. "फोटो उत्तम आहे. पण शिरूरला पाण्याची काय अवस्था आहे, मला माहीत आहे. हा कागद नीट धुतलेला असूच शकत नाही. दिवाळीपर्यंत पिवळा पडेल. असल्या कामाला बक्षीस द्यायचं म्हणजे..." त्यांनी मान हलवली आणि शेजारच्या फोटोकडं वळले. गेवराईच्या बद्रीनाथचा होता तो, वाळूच्या पात्रातल्या बैलगाड्यांचा, फार देखणा. "याला देता येईल."

मोहनराव लालबुंद झाले. ते काही बोलणार तोच भिवराबाईनं त्यांचा हात धरला.

"साहेब," ती म्हणाली, "धुतला का न्हाई ते बोलून कशाला ठरवायचं? तुमच्याकडं विहिरीतलं जांभळं औषध आसंल ना?"

शाळेच्या प्रयोगशाळेत ते होतं. शिपायानं बाटली आणली, दोन काचेच्या वाट्या आणल्या. हॉलमधली सगळी माणसं टेबलाभोवती जमली. विठ्ठलरावांनी स्वतःच्या हातानं भिवराबाईच्या फोटोच्या पांढऱ्या कडेची पट्टी कापून पाण्यात भिजवली.

"आन् ह्यांची बी टाका," भिवराबाई बद्रीनाथच्या फोटोकडं बोट दाखवून म्हणाली. "मंग बरोबरी व्हती."

बद्रीनाथ हसला. "टाका की. मी अर्धा तास नळाखाली धरलाय."

दोन्ही वाट्यांत एकेक थेंब पडला. दोन्ही जांभळ्या झाल्या. माणसं टाचा उंचावून बघू लागली. मग बद्रीनाथच्या वाटीतलं पाणी हळूहळू तांबूस झालं, मग पिवळट, आणि शेवटी रंगच राहिला नाही. दुसरी वाटी जांभळीच होती. पाच मिनिटं झाली. विठ्ठलराव घड्याळाकडं बघत होते. दहा मिनिटं झाली. जांभळीच.

"किती पाणी लागलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"पैल्या दिवशी पाच तांबे. त्याच्यापुढं दर फोटूला एकच."

हॉलमध्ये गलका उडाला. कोणी म्हणालं, खोटं आहे. कोणी म्हणालं, दाखवा. मग भिवराबाईनं पदर खोचला, शाळेतून पाच ताटल्या मागवल्या आणि बद्रीनाथचाच फोटो घेऊन पन्नास माणसांदेखत धुवून दाखवला. ताटलीमागून ताटली. निथळल्याशिवाय पुढं नाही. एक पोरसवदा वकील घाई करू लागला तर त्याला तिनं चक्क दटावलं. शेवटी बद्रीनाथच्या फोटोचीही पट्टी कापून वाटीत टाकली. यावेळी तीही जांभळी राहिली.

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती बद्रीनाथनं, मग मोहनरावांनी, आणि मग हॉल दणाणून गेला. आसाराम तर बाकावर चढून उभा राहिला. शहादेवच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला तो उगाचच कॅमेऱ्याची पेटी पुसत होता.

विठ्ठलराव भिवराबाईपुढं आले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, मी चुकलो. तीस वर्षं मी हे काम करतोय, आणि तीस वर्षं पाणी वाया घालवत आलो." पहिलं बक्षीस त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. चंद्रभागाबाईचा फोटो मधल्या भिंतीवर लागला. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर भिवराबाईचं नाव लिहून खाली चिकटवलं, आणि तिनं ते दोनदा वाचून घेतलं, नीट लिहिलंय ना म्हणून.

भिवराबाईला हसू आवरत नव्हतं. कोयता घेऊन कोसोकोस हिंडलेल्या त्या बाईच्या पायाखाली आज जमीन कशी हलकी झाली होती. माणसं येऊन विचारत होती, उन्हाचं कसं ओळखता, कॅमेरा कसा धरता, आणि ती प्रत्येकाला सांगत होती, हातवारे करून, मोठ्यानं, जशी बाजारात बोलते तशी.

निघताना बद्रीनाथ मागं आला. "मावशी, आमच्या गेवराईच्या मंडळींना एकदा शिकवायला या. शनिवारी जमेल का?"

"मला न्हाई जमायचं. दोन्ही वक्ताला गाय असती," भिवराबाई म्हणाली. "तुमीच शिरूरला या. समदे या. फकस्त येताना आपआपली घागर भरून आना."