मालकाच्या रकान्यातलं नाव

बापूसाहेबांचा कॉम्प्युटर बंद पडला, पण त्यांच्या मते तो पडला नव्हता, पाडला होता. कुणी पाडला हेही त्यांना ठाऊक होतं. ज्याने विकला त्यानेच, म्हणजे कैलासने.

कैलासचं दुकान कोळवणच्या एसटी थांब्याजवळ होतं. हिंजवडीच्या ऑफिसांनी मोडीत काढलेले कॉम्प्युटर आणायचे, पुसून, दुरुस्त करून विकायचे, हा त्याचा धंदा. बाप कोंडिबा अजून मेंढरं राखत होता. पोरगा हिंजवडीत चार वर्षं राबून हे काम शिकून आला होता. गावच्या शाळेला त्याच्याकडून आठ कॉम्प्युटर घ्यायचे होते, आणि शाळा समितीचे अध्यक्ष होते बापूसाहेब. आधी एक माझ्या घरी चालवून बघतो, असं म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक घेतला. तो नऊ दिवस चालला.

बापूसाहेब संशयी होते, पण उगाच नव्हते. मागे एकदा त्यांच्या ओढ्याकाठच्या भातखाचराच्या सातबाऱ्यावर कुणा भलत्याचंच नाव चढलं होतं. ते उतरवायला अकरा वर्षं तालुक्याला खेटे घालावे लागले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. बापूसाहेब तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पीत. कुठलाही कागद हातात आला की आधी मालकाचा रकाना बघायचा, ही त्यांची हाडीमासी मुरलेली सवय झाली.

तर त्या नवव्या दिवशी घरात कुणी नसताना ते कॉम्प्युटरच्या पोटात काय काय आहे ते चाळत बसले. एका फायलीची माहिती उघडली, तर तिथे चक्क मालकाचा रकाना निघाला. इंग्रजी होतं, त्यांनी अक्षराला अक्षर लावून वाचलं: ट्रस्टेड इन्स्टॉलर. हा कोण? दुसरी फाईल उघडली, तिचाही तोच मालक. खाली हक्कदारांची यादी, त्यात सिस्टिम म्हणून कुणी, आणखी दोघे-तिघे कुणी. एकही नाव गावातलं नाही. कॉम्प्युटर विकत घेतला बापूसाहेबांनी, आणि वहिवाट भलत्याचीच!

मग काय, मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत दुपारभर खपून त्यांनी मालक म्हणून सगळीकडे स्वतःचं नाव लावलं. बाकीच्या मंडळींना यादीतून हाकललं. ज्या फायली ओळखीच्या वाटेनात त्या पुसून टाकल्या. एवढं करून समाधानाने चहा प्याले. सकाळी बटण दाबलं, तर नुसता काळा पडदा.

यात आपला काही हात असेल हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. चोराला घरातून हुसकलं की जाता जाता तो काहीतरी फोडणारच, असं त्यांनी ताडलं. कैलास मशीनमध्ये आपला माणूस पेरून विकतो, ही बातमी त्यांनी दूध डेअरीवर सांगितली आणि दोन दिवसांत ती सगळ्या खोऱ्यात पोचली. दोघांनी घेतलेले कॉम्प्युटर दुकानात परत आणून टाकले. शाळेचा निर्णय समितीच्या बैठकीपर्यंत लांबला.

बैठकीच्या दिवशी दुपारी कैलास आपण होऊन आला. रागावलेला दिसत नव्हता, हेच बापूसाहेबांना खटकलं.

"एकदा बघू द्या," तो म्हणाला. "मशीनमधी खोट निघाली तर शाळंचं काम मी सोताहून सोडतो."

बापूसाहेबांनी खुर्ची ओढली ती अगदी त्याच्या पाठीला लावून. कैलासने एक पेनड्राइव्ह खुपसला, दोन ओळी टाइप केल्या आणि हाताची घडी घालून बसला. पडद्यावर नुसते टक्के सरकत होते. हाताची घडी घालून कुणी काम करतं हे बापूसाहेबांनी साठ वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी तसं बोलून दाखवलं. कैलासने सांगितलं की आता मशीनच काम करतंय; मोडलेली फाईल हुडकून तिच्या जागी चांगली ठेवतंय.

"चांगली कुटनं आनतंय?"

"ह्या पेनड्राइव्हमदनं."

"म्हंजी तुज्या खिशातनं," बापूसाहेब म्हणाले.

त्रेचाळीस टक्क्यांवर गाडी बराच वेळ अडली, तेव्हा यात काळंबेरं आहे अशी त्यांची खात्रीच पटली. सून सोनिया चहा देऊन, कप घेऊन आत गेली. टक्के पुन्हा सरकले, शंभर झाले आणि कॉम्प्युटर सुरू झाला. मुळात बिघडलं कशाने हे बघायला कैलासने एका फायलीची माहिती उघडली. मालकाच्या रकान्यात नाव होतं: बापूसाहेब.

कैलासने दुसरी उघडली. बापूसाहेब. तिसरीतही तेच.

त्याने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ही मानसांची नावं न्हवती, बापूसाहेब. मशीन चालवनारे हायेत ते. त्यान्ला भाईर काडलं की आतनं दार उगडायला कोनच ऱ्हात न्हाई."

बापूसाहेबांचे कान तापले. एवढ्यात आतून सोनियाने विचारलं, काय झालं होतं म्हणून. संपलं, त्यांना वाटलं. आता सून हसणार, उद्या डेअरीवर गाव हसणार.

"लाइट सारकी ये-जा करती ना, वैनी," कैलासने तिथूनच सांगितलं. "फायली खराब झाल्या व्हत्या. झालं आता." त्याने जुनी नावं जिथल्या तिथे लावली आणि बॅग उचलून गेला.

बापूसाहेबांना हायसं वाटलं, ते सुपारीचं खांड चघळून होईपर्यंत. मग डोक्यात किडा वळवळायला लागला. हा खोटं का बोलला? कुणासाठी? फुकट कुणी दुसऱ्याचा बांध राखत नाही. आज आपलं बिंग झाकलं, उद्या त्याच्या जोरावर हवं ते करून घेईल. शेंडी याच्या हातात गेली. बैठकीची वेळ होईपर्यंत त्यांना कैलासचा डाव स्वच्छ दिसायला लागला होता.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. कैलास पायरीवर बसला होता. मुख्याध्यापिका आशालताबाईंनी सरळच विचारलं, की मशीनमध्ये खोट होती का, आणि आठ कॉम्प्युटर घ्यायचे का.

"मशीन चालतंय," बापूसाहेब म्हणाले. "पन मानूस भरवशाचा वाटत न्हाई. दुसरीकडं बगू."

आशालताबाईंनी रजिस्टर पुढे केलं. बापूसाहेबांनी सही केली आणि तिरप्या नजरेने पायरीकडे पाहिलं. आता तो उठेल आणि सांगेल. एका वाक्याचं काम होतं. सगळी समिती हसली असती आणि काम त्याला मिळालं असतं. त्यासाठीच तर त्याने ते गुपित जपून ठेवलं होतं. त्यावर काय बोलायचं तेही बापूसाहेबांनी ठरवून ठेवलं होतं.

कैलास उठला. बॅग खांद्याला लावली.

"येतो, बापूसाहेब," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून फाटकाबाहेर गेला.

आशालताबाईंनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. बापूसाहेब फाटकाकडेच बघत राहिले. तो बोलला नव्हता. म्हणजे त्याला खरंच काही नको होतं. काय घडलं ते सांगू शकेल असा आता त्या व्हरांड्यात एकच माणूस उरला होता, आणि त्याची सही अजून वाळायची होती.