दोन चमचे सदाफुली

वाटीच्या तळाशी हिरवट काहीतरी चिकटलं होतं. मी बोटानं चाखून पाहिलं आणि मोरीत थुंकले. इतकं कडू.

"मामी, काय पाजलंत पिंकीला?"

सासूबाईंना मी मामी म्हणते. कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत बत्तीस वर्षं रोजंदारी केलेली ही सरजाबाई कुणाला घाबरलेली मी पाहिली नव्हती. आज मात्र पदराला हात पुसत खाली बघत होती.

"सदाफुलीच्या पाल्याचा रस. दोनच चमचे."

"कधीपासून?"

"चार दिस झाले."

माझ्या लेकीला, पिंकीला, रक्ताचा कॅन्सर निघाल्यापासून मी तिचा ताप, जेवण, शी, सगळं वहीत लिहिते. चार दिवसांत तीन उलट्या, पोट घट्ट. मी ते केमोच्या नावावर टाकून मोकळी झाले होते.

"आमचे सायब पोरांना शिकवायले व्हते, ह्या झाडात क्यान्सरची दवा हाय म्हणून. म्या ऐकलं की. म्हनलं, सुईच्या जोडीला झाडबी लागू द्या. दोघं मिळून मारतील."

"कुणाला मारतील, मामी? कुणाला?"

माझा आवाज चढला तशी पाच वर्षांची पिंकी आतून म्हणाली, "आज्जीला बोलू नको. आज्जीनं गूळ पण दिला."

संभाजीनगरची पहिली गाडी धरली. मामी न विचारता सोबत आल्या. पाला रुमालात बांधून घेतला होता, डॉक्टरांना दाखवायला. परभणी सुटल्यापासून तो रुमाल मुठीत धरून बसल्या होत्या. पिंकी माझ्या मांडीवर झोपली होती आणि मी तिचा श्वास मोजत होते.

डॉक्टर मॅडमनी पाला पाहिला, रक्त तपासायला पाठवलं. दोन तासांनी रिपोर्ट आला.

"पांढऱ्या पेशी खूप घटल्यात. लिव्हरवरही ताण दिसतोय. आज सुई देता येणार नाही. ॲडमिट करा. पेशी वर आल्या तरच पुढं."

तरच. मी वहीत तेवढाच शब्द लिहिला.

मामींनी हात जोडले. "चूक माझी हाय, म्याडम. सुनेला बोलू नका."

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. "आजी, दर आठवड्याला हिला एक सुई देतो ना, ती सदाफुलीचीच आहे."

"हीच?"

"हीच. टनावारी पाला वाळवतात, तेव्हा चिमूटभर औषध निघतं. त्यातलं हिला मोहरीच्या दाण्याहून कमी पुरतं. तुमच्या चमच्यात किती होतं, कोण सांगणार? हळदीपासून कितीतरी झाडांतली द्रव्यं केमोच्या जोडीला चालतील का, हे शास्त्रज्ञ तपासतायत. पण मोजून, आजी. तुम्ही विचार केलात तो वेड्यासारखा नव्हता. फक्त माप नव्हतं."

मामींनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. "बत्तीस वर्षं तण म्हणून उपटून फेकली म्या ही."

नऊ दिवस आम्ही वॉर्डात काढले. दहाव्या दिवशी पेशी वर आल्या.

सिस्टरनी छोटी पिशवी लटकवली. नळीतून थेंब उतरू लागला. ना हिरवा, ना कडू वासाचा. पाण्यासारखा.

"ओ सिस्टर, किती झाडं असतील ह्याच्यात?"

"आजी, माझं नर्सिंग झालंय, शेतकी नाही," सिस्टर हसल्या. "बसा की. उभ्या कशाला?"

"न्हाई बाई. एवढं मोठं शेत चाललंय लेकराच्या अंगात. बसू कशी?"

मी बी.एस्सी. झालेली. सदाफुलीचं शास्त्रीय नाव परीक्षेत लिहून मी दोन गुण मिळवले होते.  पिशवी रिकामी होईपर्यंत मीही उभीच राहिले.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही बुद्धविहारात गेलो. गर्दीत जायचं नाही म्हणून पिंकीला मास्क लावून मी दारातच थांबले. दर पौर्णिमेला मामींची ताटली सदाफुलीनं भरलेली असते. आज नुसती मेणबत्ती होती.

शेजारच्या रेणुकाताईंनी टोकलंच. "काय ओ सरजाबाई, फुलं कुठायत? दारात तर ढीगभर लागल्यात."

"न्हाई तोडली. त्येंची ड्युटी लागलीय."

रेणुकाताई हसल्या. मामी हसल्या नाहीत. मेणबत्ती लावून त्यांनी रिकामी ओंजळ पुढं धरली, वाकल्या.

पिंकीनं माझा हात सोडवला आणि दारातूनच, केस गेलेल्या डोक्यावरची टोपी काढून, हात जोडले.