शेवटच्या रांगेचा वन्समोअर

'तिसरी घंटा' हा आमचा सोलापुरातल्या संगीत नाटकवेड्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. नाटक बघायचं आणि गाडीला किक मारायच्या आत त्यावर मत टाकायचं, अशी इथली रीत. त्या आठवड्यात भांडण चाललं होतं ते पुण्याहून येणाऱ्या एका नव्या संगीत नाटकावरून.

"निम्म्याहून जास्त पदं छाटलीत म्हणे," गुरुसिद्धप्पाकाकांनी लिहिलं. चादरींचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून काका दिवसभर मतंच देतात. "शेंगाचटणीतनं शेंगा काढल्यावर राहतंय काय? नुसतं तिखट!"

"थोडी का असंनात, खरी गाऊ द्या की," त्रिंबकमामांचं उत्तर आलं. मामा होटगीला रेल्वेत आहेत. "आजकाल ट्रॅक लावून ओठ हलवत्यात. त्यापरीस गणपतीतला ऑर्केस्ट्रा बरा. तितं माणूस बेसूर असला तरी सोताच्या गळ्यानं बेसूर असतोय."

त्यावर काकांनी एक क्लिप टाकली. आदिनाथ सरांच्या 'संगीत वेणुमती'चा बार्शीतला प्रयोग. आदिनाथ सर त्या नाटकाचे निर्माते आणि दिग्दर्शकही. 'सर्व पदे रंगमंचावर प्रत्यक्ष गायली जातील' हे त्यांच्या जाहिरातीत नाटकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात असतं. क्लिपखाली काकांनी लिहिलं होतं, "मामा, हे ऐका आणि गप बसा. मालिकेतली पोरगी आहे म्हणून नाकं मुरडू नका. काय गळा आहे दिपालीचा!"

मी क्लिप लावली. समोर माझी मोठी बहीण संघप्रिया मेथी निवडत होती. पदाची दुसरी ओळ सुरू झाली आणि तिचा हात थांबला.

"धम्मे, हा माझा आवाज आहे."

वेणुमतीची भूमिका आधी तिचीच होती. शाळेतली नोकरी सांभाळून तिनं उन्हाळाभर तालमी केल्या होत्या, स्टेशनामागच्या एका हॉलमध्ये. सरांनी तिची सगळी पदं रेकॉर्ड करून घेतली, "सरावाला उपयोगी पडतील" म्हणून. मग एके दिवशी ते दिपालीला घेऊन आले आणि सगळ्या कलाकारांसमोर संघप्रियाला म्हणाले, "तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. तू आपली तुमच्यातली भीमगीतं गा. त्यात जोर असतो तुझा."

आवाजात जोर आहे तर तो मागच्या रांगेपर्यंत का पोचत नाही, हे तिला त्या वेळी विचारता आलं नाही. त्यानंतर ती घरात गुणगुणलीसुद्धा नव्हती.

"वाटणं म्हणजे पुरावा नव्हे," मी म्हणाले. मी भौतिकशास्त्र शिकले आहे. ऐकलेल्यावर लगेच विश्वास ठेवायची सवय मला नाही. ग्रुपवर मी साळसूदपणे लातूर आणि पंढरपूरच्या प्रयोगांच्या क्लिपा मागितल्या. रसिकांनी उत्साहानं पाठवल्या. लॅपटॉपवर तिन्ही क्लिपांमधल्या आवाजाचे आलेख एकावर एक ठेवले. प्रत्येक श्वास, प्रत्येक मुरकी जिथल्या तिथं. 'विझू नको रे दीपा' हे पद तीन गावांत, तीन दिवशी, एकाच तऱ्हेनं गायलं गेलं होतं. एवढं तंतोतंत माणूस गाऊ शकत नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट सापडली. 'दीपा'वरची तान संपते तिथं, ऑर्गनच्या मागे, लांबून येणारा एक भोंगा.

मी मामांना आणि काकांना घरी बोलावलं. हेडफोन कानाला लावून मामांनी डोळे मिटले. "मालगाडी हाय. पण ती बार्शीत, लातुरात आन् पंढरपुरात त्याच अक्षराला कशी वाजती? आमची एक गाडी एवढी टायमात न्हाय!"

"ती तालमीच्या हॉलमागून गेली होती," संघप्रिया म्हणाली. "मी तेव्हा सरांना म्हटलंसुद्धा, पुन्हा घेऊ या. म्हणाले, सरावापुरतंच तर आहे."

काकांचा चेहरा काळवंडला. "आणि मी त्या बाईच्या गळ्याला दाद दिली! चारचौघांत! माझ्या कानाला चुना लावला त्या माणसानं."

"वकिलाकडं जाऊ," मी म्हणाले.

"नको," संघप्रिया म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजाला धार आली होती. "माझा अपमान त्यांनी सगळ्यांसमोर केला. आवाज कुणाचा, हेही त्यांनी सगळ्यांसमोरच सांगायचं. सोलापूरचा प्रयोग आहे ना रविवारी? मला शेवटच्या रांगेतलं तिकीट काढ."

काय करायचं ते काकांना सांगावं लागलं नाही. संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षक वन्समोअर देतात आणि नट तेच पद पुन्हा गातो. पण तान नवी घेतो. दर्दी माणूस दुसऱ्यांदा मागतो तो त्या नव्या तानेसाठीच. शनिवारी काकांनी ग्रुपवर एवढंच टाकलं: "उद्या 'दीपा'ची तान संपताना कान उघडे ठेवा. वन्समोअर मी मागेन. सोबत या."

रविवारी नाट्यगृह भरलं होतं. दिपाली समई लावून उभी राहिली, पद सुरू झालं, तान संपली, आणि लांबून भोंगा वाजला. ज्यांना माहीत होतं त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वन्समोअर!" काका उठून ओरडले. निम्मं सभागृह ओरडलं.

विंगेत थोडी धावपळ झाली असावी. दिपाली हसत थांबली. पद पुन्हा लागलं. तीच तान. तोच भोंगा.

"गाडी लई टायमात हाय!" मामांनी आरोळी ठोकली. हशा पिकला. "वन्समोअर! बाई, ह्या खेपंला तान बदला की!"

आता सगळेच ओरडत होते. तिसऱ्यांदा पद लागलं. दिपालीनं पहिल्या ओळीपुरते ओठ हलवले. मग ती थांबली, विंगेकडे एकदा पाहिलं आणि पाटावर बसली. तोंड घट्ट मिटलेलं. पद मात्र चालूच होतं. श्वास, मुरकी, तान, सगळं मिटल्या तोंडातून बाहेर येत होतं. मला तिचं वाईट वाटलं, पण फार नाही.

भोंगा वाजला तेव्हा कुणी हसलं नाही. कुणीतरी घाईघाईनं ट्रॅक बंद केला आणि त्याबरोबर माइकही गेले.

आदिनाथ सर हात जोडून पुढे आले. "रसिकहो, यंत्रात थोडा बिघाड..."

माझ्या शेजारी संघप्रिया उभी राहिली. "ऐकू येत नाही!"

सगळ्या माना मागे वळल्या. सरांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. तिला ओळखल्याचं त्यांच्या पडलेल्या खांद्यांवरून कळलं.

"मी म्हणत होतो, दिपालीताईंचा घसा..."

"तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, सर!" तिचा आवाज मात्र माइकशिवाय थेट रंगमंचावर जाऊन आदळला. "हे पद कुणी गायलंय, तेवढंच सांगा!"

"सांगा की!" काका ओरडले. "जाहिरातीत लई मोठं छापलंय!"

सरांनी विंगेकडे पाहिलं. तिथून कुणी आलं नाही. खाली बघत ते काहीतरी पुटपुटले.

"ऐकू येत नाही!" आता अख्खी शेवटची रांग म्हणाली.

"संघप्रियानं," सर म्हणाले. "रेकॉर्डिंग संघप्रियाचं आहे."

मग मामा दोन्ही हात वर करून उभे राहिले.

"वन्समोअर!"

सभागृह दणाणलं. सरांना पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं. आणि पुन्हा, त्याहून मोठ्यानं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला.

"पोचला," संघप्रिया म्हणाली आणि तिनं पर्स उचलली.

"ताई, थांबा की!" काका पुढून हाका मारत होते. "एक ओळ तरी गा!"

"आज नाही, काका," दारातून ती म्हणाली. "आज मी नुसता वन्समोअर द्यायला आले होते."