कवडीराव आणि कावळा

दहाव्याचा पिंड ठेवून बराच वेळ झाला, तरी कावळा काही शिवेना. वरूडच्या नदीकाठी भाऊबंद उन्हात ताटकळले होते. खुशालकाकांना मूलबाळ नव्हतं, म्हणून पिंड पुतण्याने, चंद्रभानने ठेवला होता. काका गेल्यापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रडू नाही, हसू नाही, धड भूकही नाही.

अमरावतीच्या एका साप्ताहिकात तो कवडीराव नावाच्या कंजुषाची व्यंगचित्रं काढायचा. तिकीट वाचवायला संत्र्याच्या पेटीत बसून निघालेला आणि नागपूरच्या लिलावात विकला गेलेला कवडीराव वऱ्हाडाने डोक्यावर घेतला होता. त्याचं नाक, त्याचं ठिगळाचं धोतर, सगळं काकांचं. काका एवढ्या बगिच्यांचे धनी, पण पाहुण्याला संत्र्याची फोड देताना त्यांचा जीव जायचा. पहिलं चित्र छापून आलं तेव्हापासून काका पुतण्याशी बोलले नव्हते.

"बगिचा इकत नाही म्हन," कोणीतरी सुचवलं. चंद्रभान म्हणाला. कावळा बाभळीवरच.

"काकूले दानधर्म करू देत नाही म्हन!" दोघंतिघं तोंड फिरवून हसले. चंद्रभानने तेही म्हटलं.

"अबे, ते चित्रं बंद करतो म्हन! त्याच्याच पायी जीव अडकून राह्यला त्याईचा."

चंद्रभानने हात जोडले. "काका, कवडीराव बंद." त्याची भाकरी आणि त्याचं नाव, दोन्ही त्यात गेलं, पण आत काही हललं नाही. कावळाही हलला नाही.

मुंडण करायला आलेले नत्थुजी वस्तरा पुसता पुसता म्हणाले, "असं काहून बोलता, बाबू? शुक्रवारी पेपर आला का खुशालराव माह्या दुकानात. फुकट वाचू देत नोयतो मी, तं दाढी करून घेत. पैसे देऊन! साबन लावल्यावर असे हासत, का दोनदा वस्तरा लागला त्याईले."

घरी बोथट पात्याने गाल खरवडणारा माणूस.

"काका, दर आठवड्याला काढीन," चंद्रभान कोरड्या आवाजात म्हणाला.

कावळा उतरला, भाताचा घास घेऊन उडाला. सुटल्यासारखे सगळे आंघोळीला पांगले.

इतकी वर्षं काकांना बोचावं म्हणून त्याने चित्रं काढली होती. आता त्यांना हसवायला काढायची होती, आणि ते नव्हते. याचं वाईट वाटायला हवं होतं. चंद्रभान वाट बघत उभा राहिला; काहीच वाटलं नाही.