पानाच्या तळाशी टेमर

मी एका इंग्लिश खेड्यातल्या चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही बोलतेय. सुरुवातीलाच सांगून ठेवते, बोटाला थुंकी लावून माझं पान उलटणार असाल तर तिथेच थांबा. पावणेतीनशे वर्षं माणसांची थुंकी सोसली आहे मी, आता पुरे.

जन्माने मी मेंढी. एक नव्हे, बऱ्याच मेंढ्या. त्यांची कातडी चुन्यात भिजवली, खरवडली, ताणून वाळवली आणि तिच्यावर माणसांची नावं लिहिली. मेंढ्यांची नावं कुणी लिहिली नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या दलदलीच्या मुलखात माणसांपेक्षा मेंढ्या स्वच्छ होत्या, एवढंच म्हणेन.

माझा पहिला धनी थर्सबी पाद्री. अक्षर देखणं, आणि त्याचा त्याला कोण गर्व! पण नोंद त्याच दिवशी करील तर शपथ. नावांच्या चिठ्ठ्या कोटाच्या खिशात कोंबायचा आणि महिनाअखेरीला जेवण झाल्यावर ढेकर देत मला उघडायचा. बोटांना मटणाची चरबी तशीच. एखादी चिठ्ठी हरवली की ते लेकरू जन्मलंच नाही असं धरायचं. मला किळस यायची, पण वहीला तोंड फिरवता येत नाही.

१७६२ सालच्या मार्चमध्ये केझाया मड आली. जमीनदाराकडे भांडी घासणारी, बिनलग्नाची, हातात नऊ दिवसांची मुलगी, टेमर. चिठ्ठ्या हरवतात हे तिने ऐकलं होतं. पोरीचं नाव वहीत चढलेलं पाहिल्याशिवाय जाणार नाही म्हणाली आणि टेबलापाशी उभीच राहिली. पाद्र्याने बापाचं नाव विचारलं. ती गप्प. मग त्याने मला टेबलावर उलटी फिरवली, पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली आणि पुन्हा सरळ केली. अशा लेकरांची नावं उलटी लिहायची, ही त्या काळच्या काही पाद्र्यांची रीत होती. म्हणे वाचणाऱ्याला कायमची आठवण राहावी.

केझायाला वाचता येत नव्हतं, पण डोळे होते. "पाद्रीबाबा, सगळ्यांचं पहिलं मोठं अक्षर त्या कडेला आहे. माझ्या पोरीचंच या कडेला का?"

"तुझ्याकडे तोंड करून लिहिलंय, केझाया. तुला समोरून नीट दिसावं म्हणून."

चर्चचा कारभारी शेजारी उभा होता. तो तोंडावर हात धरून हसला. केझायाने गुडघे वाकवून पाद्र्याचे आभार मानले. तेव्हा मला जी शिसारी आली, ती आजवर गेलेली नाही.

पुढे शंभरेक वर्षांनी जमीनदाराच्या नातवाला आपलं खानदान सिद्ध करायचं होतं. टेमरच्या वरचीच ओळ त्याच्या बापाची, आणि ती फिकी पडलेली. कुणी एक विद्वान आला आणि त्याने ओक झाडाच्या गाठींचा काढा कुंचल्याने माझ्यावर फासला. शाई क्षणभर उठून दिसली, आणि मग तो भाग कायमचा तपकिरी झाला. ओघळ खाली टेमरच्या ओळीवर आला. विद्वानाने विजारीला हात पुसले आणि निघून गेला. आता जमीनदाराच्या मुलाची ओळ कुणालाच वाचता येत नाही. त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही, पण टेमरचं वाटतं.

नंतर मी सरकारी दप्तरखान्यात आले. तिथे माझी छायाचित्रं काढली, यादी केली. यादीत या जागी लिहिलंय, 'तळाशी लेखणी चालवून पाहिल्याच्या रेघोट्या.' लोक पूर्वज शोधायला येतात. सगळ्यांना सरदार हवे असतात. भुरटा चोर निघाला की मला मुकाट्याने मिटतात आणि हात झटकतात, जणू घाण माझीच.

विनिफ्रेड गॅदरकोल मात्र हात धुऊन यायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जन्मभर मुलींना शिवण शिकवलेली, आता एकटी. तिच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता. नाताळपर्यंत अक्षरं दिसतील, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टेमर मड नावाच्या तिच्या पूर्वजेचं लग्न शेजारच्या गावच्या वहीत सापडलं होतं. त्याआधी काहीच नाही. तिचा भाऊ चेष्टेने म्हणायचा, आपली टेमर आभाळातून पडली. भाऊ गेला, तरी ते वाक्य तिला टोचत राहिलं. डोळे विझण्याआधी टेमरला तिची आई शोधून द्यायची, एवढाच तिचा हट्ट.

ओळखीच्या नावांतून थर्सबीचं एकेक अक्षर वेचून तिने मोठ्या पुठ्ठ्यावर त्याची बाराखडी काढली होती. भिंगाखाली एकेक नाव मोठ्याने वाचायची आणि समोर बसलेला दप्तरदार डेझमंड लिहून घ्यायचा. माझं ते पान तिने चार वेळा वाचलं. चारही वेळा तळाशी येऊन म्हणाली, "रेघोट्या." मी काय करणार? माझ्यावर लिहितात, मला बोलू देत नाहीत.

ऑक्टोबरात ती पाचव्यांदा तळाशी आली. तोवर डेझमंडलाही ती बाराखडी पाठ झाली होती.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. "माझ्या बाजूने या रेघोट्या नाहीत. डागाच्या कडेला तुमच्या पाद्र्याचा 'के' दिसतोय मला. सुलटा."

विनिफ्रेडने माझ्याखालची आधाराची उशी दोन्ही हातांनी धरून सावकाश फिरवली. भिंग लावलं. एकेका अक्षराला पुठ्ठ्याकडे पाहत अर्धा तास गेला.

"टेमर," ती म्हणाली. "केझाया मड हिची अनौरस मुलगी." आणि मग, "शी! उलटं लिहिलं रे पोरीला त्याने. आणि मी त्याच्या अक्षराचं कौतुक करत होते."

टिपण करायला डेझमंड मला सरळ करू लागला. तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे जरा अशीच."

त्या पानावरचे सगळे डोक्यावर उभे होते, जमीनदार, त्यांचे जावई, थर्सबीची झोकदार सही. एकटी टेमर तिच्याकडे तोंड करून होती. केझायालाही ती अशीच दिसली होती.

आता मी खोक्यात बंद असते. यादीत अजून 'रेघोट्या'च आहेत, आणि छायाचित्रात टेमर अजून उलटी. विनिफ्रेड आता येत नाही. तुम्ही कधी आलात आणि एखाद्या पानाच्या तळाशी रेघोट्या दिसल्या, तर मला एकदा फिरवून बघा. पण आधी हात धुवा.