हायपरची वाटणी

पिंप्राळ्यातल्या उखर्डू आबांना आयुष्यात कुठलीच गोष्ट कधी जास्तीची मिळाली नव्हती. थोरल्या आधारच्या पाठची दोन मुलं गेली, म्हणून आईने यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून आणलं आणि तेच नाव ठेवलं. उंची बेताची, मार्क पासापुरते. भुसावळला रेल्वेत नोकरी लागली तीही कोणीतरी सोडून गेल्यामुळे. पारोळ्याकडच्या शेताची वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचा काळा तुकडा आधारकडे गेला आणि उखर्डूंच्या वाट्याला बरड आलं. तेव्हापासून भाऊ एकमेकांशी लग्नकार्यापुरतंच बोलत.

निवृत्तीनंतर त्यांना विचित्र त्रास सुरू झाला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरींची चवड संपवूनही भूक राहायची आणि अंग मात्र उतरत चाललं. हात कापायचे, छाती धडधडायची, एका जागी बसवत नव्हतं. त्यांची बायको बेबाबाई त्यांना डॉक्टर ज्योत्स्नांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की आबांना हायपरटेन्शन आहे, हायपरअ‍ॅसिडिटी आहे आणि मुख्य म्हणजे हायपरथायरॉइड आहे.

आबांनी हायपरचा अर्थ विचारला.

"गरजेपेक्षा जास्त," डॉक्टर म्हणाल्या.

चारचौघांपेक्षा जास्त का, असं आबांनी खात्री करून घ्यायला विचारलं. बरंच जास्त, असं उत्तर आलं. आबा खुर्चीत सावरून बसले. मग त्यांनी गोळ्यांनी काय होतं ते विचारलं. गोळ्या सगळं नॉर्मलवर आणतात, असं कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. बेबाबाईने घरात अजून कोणाला होईल का म्हणून विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की हे आईकडून आलेलं असू शकतं, भावंडांनीही तपासून घ्यावं.

बाहेर आल्यावर बेबाबाई औषधाच्या दुकानाकडे वळली, तर आबा रस्त्यातच थांबले.

"उभा जलम कमीमा गया," ते म्हणाले. "आते कोठे जास्ती व्हयनं, ते बी उतारी टाकू का?"

गोळ्या घरी आल्या, पण पोटात गेल्या नाहीत. आबांनी कंपाउंडची भिंत रंगवली, मग शेजाऱ्यांची रंगवली, मग समोरच्यांनी नको म्हटलं तरी त्यांचीही रंगवली. कॉलनीत ते प्रत्येकाला आपले तिन्ही हायपर सांगत. ज्यांचं नुसतंच बीपी होतं ते त्यांच्याशी जरा अदबीने बोलू लागले. गणेश मंडळाच्या बैठकीत त्यांना पहिल्यांदाच पुढची खुर्ची मिळाली, तिच्यावर त्यांना बसवत नव्हतं ही गोष्ट वेगळी. बेबाबाई मात्र त्यांचे सैल होत चाललेले सदरे टाके घालून लहान करत होती आणि रोज सकाळी गोळी समोर ठेवून रोज उचलून ठेवत होती. शेवटी कंटाळून तिने गावी जाऊबाईंना फोन केला आणि डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं.

आधारभाऊंनी धुळ्याला जाऊन तपासणी करून घेतली. अलीकडे त्यांना दिवसा बाजेवरून उठवत नव्हतं, तोंड सुजल्यासारखं दिसायचं, बोलणंही जड झालं होतं. त्यांचं निघालं हायपोथायरॉइड. म्हणजे काय विचारलं, तर गरजेपेक्षा कमी. हा शब्द आधारभाऊंना कोणी कधी लावला नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी दिलेली गोळीची चिठ्ठी त्यांनी घेतलीच नाही. ते थेट पंडित नानांकडे गेले. शेताची वाटणी याच नानांनी केली होती. दुसऱ्या दिवशी दोघं पिंप्राळ्याला हजर झाले.

चहा झाल्यावर आधारभाऊ सावकाश बोलले. "माय दोन्हीसनी. मंग मायनं बठ्ठं एकलाले कसं?"

उखर्डू म्हणाले की आईचं सगळं मला एकट्याला म्हणतोस, मग काळी जमीन एकट्याला गेली तेव्हा हा हिशोब कुठे होता? आधारभाऊंचं म्हणणं पडलं की जमीन वडिलांची होती, थायरॉइड आईचं आहे. दोघांनी नानांकडे पाहिलं. नानांनी डोळे मिटून बराच विचार केला. आईच्या अंगावरचं सोनं दोघांत सारखं वाटलं गेलं होतं, तेव्हा अंगातलंही सारखंच वाटलं पाहिजे, असा त्यांनी निर्णय दिला. हायपरटेन्शन आणि अ‍ॅसिडिटी मात्र उखर्डूने रेल्वेत राहून स्वकष्टाने मिळवलेली, त्यांच्यावर आधारचा हक्क नाही.

मग चौघं एका रिक्षात बसून डॉक्टर ज्योत्स्नांकडे गेले. नानांनी निर्णय त्यांच्या कानावर घातला. डॉक्टरांनी समजावलं की एकाचं काढून दुसऱ्याला देता येत नाही. नाना म्हणाले की कापाकापी करा असं आमचं म्हणणं नाही, कसं करायचं ते तुम्ही ठरवा. बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि दोन चिठ्ठ्या पुढे ओढल्या.

"आबा ही गोळी घेतील, त्यांचं कमी होईल," त्या म्हणाल्या. "आधारभाऊ ती गोळी घेतील, त्यांचं वाढेल."

"मग हेच तर म्हणतोय," नाना म्हणाले.

तेवढ्यात बेबाबाई पुढे झाली. रेल्वेच्या नोकरीत हे डबा घेऊन गेले, पण घर मी ओढलं, असं ती म्हणाली. तेव्हा स्वकष्टाच्या दोन्हींमध्ये निम्मा वाटा माझा आणि मला तो नकोय, कमी करून टाका, असं तिने डॉक्टरांना सांगितलं. नानांना यात खोट काढता आली नाही. डॉक्टरांनी त्याही गोळ्या लिहून दिल्या.

उखर्डू देण्यात कुचराई करेल असा आधारभाऊंना संशय होता, आणि घेऊनही आधारभाऊ घेतलं नाही म्हणतील असा उखर्डूंना. म्हणून रोज सकाळी व्हिडिओ कॉल करायचा आणि एकमेकांसमोर गोळी गिळायची असं ठरलं. सुरुवातीला दोघं नुसती जीभ दाखवून फोन ठेवत. पुढे गोळीआधी गुडघ्यांची चौकशी होऊ लागली, मग कपाशीची, मग गावात कोण गेलं आणि कोणाला नातू झाला याची. बेबाबाईचा चहा गार व्हायचा तरी फोन चालूच.

काही महिन्यांनी दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल आले. आबांनी आपला रिपोर्ट उलटून मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही पाहिलं. हात आता कापत नव्हते. टाके उसवलेले सदरे पुन्हा अंगाबरोबर बसत होते. घरभर ते शांतपणे फिरले आणि कुठलीच भिंत रंगवावीशी वाटेना म्हणून जरा वेळ पडवीत बसून राहिले.

मग आधारभाऊंचा फोन आला. ते शेतातून बोलत होते, चालता चालता, आणि नीट पाहता येईल एवढाही फोन स्थिर धरत नव्हते. सकाळपासून बांधापर्यंत फेऱ्या झाल्या होत्या, शेजारच्या शेतकऱ्याशी दोनदा भांडणही झालं होतं.

"भाऊ," ते म्हणाले, "तुनं मना आंगमा बेस चालस."

आपलं भावाच्या अंगात छान चालतंय हे ऐकून उखर्डू सावरून बसले. सांभाळून वापर, एवढंच त्यांनी सांगितलं.

दुपारी ते कॉलनीच्या कट्ट्यावर गेले. कोणी विचारलं नसतानाही त्यांनी सांगितलं की आपलं अर्धं सध्या पारोळ्याकडे असतं आणि तिथली हवा त्याला चांगली मानवली आहे.