दीडशे अंगठे

२००४ सालची गोष्ट. निर्मला कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये बँकेच्या परीक्षेचं रीझनिंग शिकवायची. त्या दिवशी तिची आत्या धोंडुबाई शिरोळकडच्या गावाहून एसटीनं आली ती थेट क्लासात, आणि शेवटच्या बाकावर बसून राहिली.

फळ्यावर वाक्य होतं: ‘तो पैलवान आहे, म्हणून तो भरपूर जेवत असणार.’

“यात मधलं एक वाक्य गाळलंय,” निर्मला मुलांना सांगत होती. “सगळेच पैलवान भरपूर जेवतात, हे. बोलणारा ते बोलत नाही, नुसतं धरून चालतो. आपण नेमकं तेच पकडायचं.”

क्लास सुटल्यावर धोंडुबाईनं पिशवीतून नोटीस काढली. निर्मलानं ती वाचून दाखवली. गावातलं हंबीररावाचं दारूचं दुकान बंद व्हावं, त्यासाठी मतदान घ्यावं, असा बायकांनी अर्ज केला होता. त्यावरचे दीडशे अंगठे बाद करा, अशी हरकत हंबीररावाच्या वकिलानं घेतली होती. सुनावणी उद्याच होती, कोल्हापुरात.

“मी येते, आत्ती. मी बोलते,” निर्मला म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी कचेरीत सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तिला थांबवलं. “तुमचं नाव त्या गावच्या मतदार यादीत नाही. अर्जदारांनीच बोलायचं.”

वकील उभे राहिले. “साहेब, या बायकांना वाचता येत नाही. म्हणून अर्जात काय लिहिलंय हे त्यांना माहीतच नव्हतं.”

आत्ती चार माणसांत कधी बोललेली नव्हती. धोंडुबाई पदर खोचून उठली.

“वाचता येत न्हाय, हे खरं हाय, वकीलसाहेब. पर तिथनं ‘म्हाईत न्हवतं’वर कसं आलासा? मधलं काय गाळलंसा?”

“मधे काही नाही. सरळ गोष्ट आहे.”

“हाय की. ज्याला वाचता येत न्हाय, त्याला ऐकू बी येत न्हाय, असं धरून चाललाय तुमी. शाळंतल्या बाईंनी अर्ज तीनदा वाचून दाखवलाय आमाला. मग अंगठा दिलाय.”

साहेबांनी गावाहून येऊन बाहेर बसलेल्या सहा अंगठेवाल्या बायकांना एकेक करून आत बोलावलं. सहाही जणींनी अर्जात काय आहे ते सांगितलं. त्यातल्या अंबूबाईनं तर दुकान शाळेपासून किती पावलांवर आहे तेही सांगितलं.

“पढवून आणलंय यांना,” वकील म्हणाले. “म्हणजे हे त्यांचं स्वतःचं मत नव्हे.”

धोंडुबाई अजून उभीच होती. “तुमाला वकिली कुणीतरी शिकवलीच असंल न्हवं? मग आता बोलताय ते बी तुमचं न्हवं म्हणायचं?”

साहेबांनी मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. एकही अंगठा खोडला गेला नाही.

जिना उतरताना धोंडुबाई मधेच थांबली आणि मागे वळून कचेरीकडे बघायला लागली.

“भ्यालीस व्हय, आत्ती?”

“भ्यालो न्हाय. अजून लई बोलायचं हुतं.”

दोन महिन्यांनी मतदान झालं आणि दुकानाला कुलूप लागलं. तिसऱ्या दिवशी हंबीरराव धोंडुबाईच्या दारात येऊन उभा राहिला.

“धोंडुबाई, आता आमी खायाचं काय?”

“त्या जागंत पिठाची गिरणी घाल,” ती म्हणाली. “पयलं दळण माझं.”